जॉयस्टिक आणि थ्रॉटल: जोडणीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

संगणकावर विमान उडवण्यासाठी हातात लागते ते साधन दोन भागांचे असते. एक जॉयस्टिक, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारी आणि पंख डावी-उजवीकडे कलवणारी काठी. दुसरे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा. या जोडीला ‘होटास’ म्हणतात. मूळ कल्पना लढाऊ विमानांतली आहे: वैमानिकाचा एक हात काठीवर, दुसरा थ्रॉटलवर, आणि बाकीची सगळी कामे बोटांखालच्या बटणांनी. पुण्याच्या लोहगाव तळावर 27 सप्टेंबर 2002 रोजी हवाई दलात दाखल झालेल्या सुखोई-30 एमकेआय विमानाचे कॉकपिटही याच पद्धतीचे आहे. घरातल्या टेबलावर ही मांडणी उभी करणे आता अवघड राहिलेले नाही. मात्र डबा उघडून तारा जोडल्या की काम झाले, असे समजणाऱ्यांची निराशा होते. विमान झोकांड्या खाते, इंजिन अर्ध्या ताकदीवर अडकते आणि दोष साधनाला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा दोष जुळणीत असतो.

मॉड्युलर संच म्हणजे सुट्या भागांचा संच. जुन्या स्वस्त जॉयस्टिकमध्ये सगळे एकाच प्लास्टिकच्या खोक्यात बसवलेले असे. एक भाग झिजला की अख्खी वस्तू बाद. सुट्या भागांच्या संचात बैठक वेगळी, वरची मूठ वेगळी, थ्रॉटल वेगळे, पायाखालचे पेडल वेगळे. बैठकीच्या पोटात गिंबल असते, म्हणजे दोन अक्षांवर फिरणारी सांगाडावजा यंत्रणा. तिला मध्यावर परत आणायला स्प्रिंगा असतात आणि चांगल्या बैठकीत कॅमही असतात. कॅम हा ठरावीक आकार दिलेला तुकडा. त्याच्या कडेवरून एक छोटी बेअरिंग फिरते. कॅमला मधोमध खाच असेल तर काठी मध्यावर आल्याचे हाताला स्पष्ट कळते. लढाऊ विमानांचा खेळ खेळणाऱ्यांना हे आवडते. हेलिकॉप्टर उडवणाऱ्याला मात्र ही खाच आडवी येते, कारण हेलिकॉप्टरमध्ये काठी बहुतेक वेळ मध्यापासून थोडी बाजूला धरूनच ठेवावी लागते. त्याने खाच नसलेला मऊ कॅम आणि हलकी स्प्रिंग घालावी. स्प्रिंग बदलणे हे या संचांतले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक दाखवणारे काम आहे, पण बरेच लोक सोबत आलेली जादा स्प्रिंगांची पुडी उघडतही नाहीत.

मूठ बदलण्याची सोय आधी मोजक्याच संचांत होती. थ्रस्टमास्टर कंपनीचा वॉर्टहॉग हा संच 2010 मध्ये आला. अमेरिकेच्या ए-10सी विमानाची मूठ आणि थ्रॉटल त्यात हुबेहूब उतरवले होते. मुठीच्या मुळाशी एक फिरवायची गोल चकती असते. ती सैल केली की मूठ सुटते आणि त्याच बैठकीवर एफ-16 किंवा एफ-18च्या आकाराची मूठ बसवता येते. पुढे व्हीकेबी, व्हर्पिल, विनविंग या कंपन्यांनी हाच मार्ग धरला. काही कंपन्यांच्या मुठी दुसऱ्यांच्या बैठकीवर चालतात, काहींच्या आटे जुळूनही चालत नाहीत, कारण आतले सर्किट वेगळ्या पद्धतीने बटणांची माहिती पाठवते. तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र करण्याआधी जुळणी चालते का हे विक्रेत्याकडून पक्के करून घ्यावे. मूठ जोडताना तारेचा जोड जबरदस्तीने दाबू नये. त्यातल्या बारीक पिना वाकतात आणि मग मुठीवरची निम्मी बटणे मुकी होतात.

थ्रॉटलमध्येही प्रकार आहेत. एका दांड्याचे साधे थ्रॉटल, दोन इंजिनांसाठी दुभंगलेले दांडे, आणि छोट्या नागरी विमानांसाठी तीन रंगांच्या दांड्यांचा संच: काळा इंजिनाच्या ताकदीचा, निळा पंख्याच्या पात्यांच्या कोनाचा, लाल इंधन-हवेच्या मिश्रणाचा. जॉयस्टिक सोडली की मध्यावर परत येते, थ्रॉटल मात्र ट्रॅक्टरच्या हँड थ्रॉटलसारखे जिथे सोडावे तिथेच राहते. म्हणून त्यात स्प्रिंग नसते, घर्षण असते. ते कमी-जास्त करायचा स्क्रू बहुतेक थ्रॉटलना असतो. तो इतका आवळावा की हात काढल्यावर दांडा घसरणार नाही, पण एका बोटाने किंचित सरकवता येईल. हवेत दुसऱ्या विमानाच्या मागे रांगेत उडताना किंवा धावपट्टीवर उतरताना थ्रॉटल सतत मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलवावे लागते. दांडा फार घट्ट असेल तर तो आधी अडतो, मग एकदम उडी मारतो.

खरेदी करताना जाहिरातीत ‘रिझोल्यूशन’चे मोठे आकडे दिसतात. ते समजून घेणे बरे. काठी किती कलली हे आतला सेन्सर मोजतो आणि त्याचे टप्पे पाडून संगणकाला कळवतो. 10 बिटांच्या मोजणीत 1,024 टप्पे पडतात, 12 बिटांत 4,096, 14 बिटांत 16,384 आणि 16 बिटांत 65,536. आता टेबलावरची काठी दोन्ही बाजूंना 20-20 अंश कलते आणि तिच्या कण्यापासून हात सुमारे 20 सेंटिमीटर वर असतो असे धरले, तर हाताचा सगळा प्रवास साधारण 14 सेंटिमीटर होतो. 4,096 टप्प्यांत त्याचा एकेक टप्पा 0.034 मिलिमीटरचा पडतो. इतक्या बारकाईने कुणाचाही हात थांबत नाही. म्हणजे 12 बिटांच्या पुढचा आकडा हाताला जाणवण्याची शक्यता कमीच. गिंबलमधला खडखडाट, मध्यावरची ढिलाई आणि सेन्सरचा प्रकार यांनी पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

सेन्सर दोन प्रकारचे. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचा काटा घासत फिरतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवणारी खुंटी अशीच असे आणि वर्षा-दोन वर्षांत ती खरखरू लागे. हॉल सेन्सरमध्ये घासणारे काहीच नसते. चुंबक फिरतो आणि त्याच्या क्षेत्रातला बदल अर्धवाहकाचा तुकडा ओळखतो. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1879 मध्ये हा परिणाम शोधला. दौंड तालुक्यात या फरकाला जास्त महत्त्व आहे. यवत-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत, सोलापूर रस्त्याची धूळ आहे, उसाच्या फडांची राख हवेत असते. ही बारीक काजळी आणि धूळ पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर बसली की काठी स्थिर असतानाही पडद्यावरचा काटा थरथरतो. अशा ठिकाणी निदान मुख्य दोन अक्ष तरी हॉल सेन्सरचे असलेलीच काठी घ्यावी. यातही एक बारकावा आहे: काही लोकप्रिय जॉयस्टिकमध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलण्यासाठी हॉल सेन्सर असतो, पण मूठ पिळण्याच्या अक्षावर साधा पोटेन्शिओमीटरच ठेवलेला असतो. थ्रस्टमास्टरची टी-16000एम त्यांपैकी एक. तिचा पीळ आधी खराब होतो तो यामुळेच. हीच काठी डावखुऱ्यांसाठी मात्र चांगली, कारण मुठीचे सुटे तुकडे बदलून ती डाव्या हाताची करता येते.

साधन घरी आल्यावर पहिले काम तारेचे नाही, बसवण्याचे. जॉयस्टिक जिथे ठेवली ती जागा हलत असेल तर पुढची सगळी जुळणी वाया जाते. टेबलावर नुसती ठेवलेली बैठक जोर लावताच सरकते किंवा तिची मागची कड उचलते. विमान वर ओढताना नेमके हेच होते, आणि मग हात नकळत हलका धरला जातो. बैठकीच्या तळाशी बहुतेक संचांत स्क्रूची भोके असतात. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तुकडा कापून, त्यावर बैठक स्क्रूने बसवून, तो तुकडा टेबलाच्या कडेला दोन सी-क्लॅम्पनी आवळला की स्वस्तातला पक्का आधार तयार होतो. परदेशी बनावटीचे ॲल्युमिनियमचे तयार कंस मिळतात, पण त्यांची किंमत काही वेळा काठीइतकीच होते. यवत, उरुळी कांचन किंवा दौंडच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बैठकीच्या भोकांचा कागदी नमुना घेऊन गेल्यास लोखंडी अँगलचा कंस सहज बनवून मिळतो. नांगराचे फाळ आणि ट्रॉलीचे सांधे जोडणाऱ्या कारागिराला हे काम अर्ध्या तासाचे. सांगताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: भोके गोल न ठेवता लांबट ठेवावीत, म्हणजे बैठक पुढे-मागे सरकवता येईल; आणि कडा घासून घ्याव्यात, नाहीतर मांडी सोलते.

काठी कुठे असावी, याला विमानानुसार उत्तर आहे. एअरबस ए-320 या विमानाने 1987 मध्ये पहिले उड्डाण केले, त्यात काठी बाजूला होती: डावीकडच्या कॅप्टनच्या डाव्या हाताशी. एफ-16मध्ये ती उजव्या बाजूला असते आणि जवळजवळ हलतच नाही. सेन्सर हाताचा जोर मोजतो. सुखोई-30 आणि तेजस या विमानांत काठी दोन गुडघ्यांच्या मधे आहे. टेबलावर बाजूला ठेवायची असेल तर कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहील इतकी उंची हवी. नेहमीचे अभ्यासाचे टेबल यासाठी उंच पडते. खांदा उचलला जातो आणि तासाभरात मान आखडते. टेबलाच्या पातळीपेक्षा खाली, खुर्चीच्या हाताच्या उंचीला फळी लावली तर हा त्रास जातो. गुडघ्यांच्या मधे बसवायची असेल तर खुर्चीची चाके काढावीत किंवा अडवावीत, कारण पेडल दाबले की खुर्ची मागे पळते.

मधे बसवलेल्या काठीला नळीची लांबी जोडता येते. 20 सेंटिमीटरच्या काठीला आणखी 20 सेंटिमीटरची नळी लावली की तितक्याच कलाला हाताला दुप्पट प्रवास मिळतो: 14 ऐवजी 28 सेंटिमीटर. खऱ्या विमानाच्या काठीच्या जवळ जाणारा हा अनुभव आहे आणि बारीक हालचाल कमालीची सोपी होते. मात्र लांब नळीला जड स्प्रिंग लागते, नाहीतर काठी स्वतःच्या वजनाने एका बाजूला कलून राहते. हलक्या बैठकीवर लांब नळी लावू नये, गिंबल मोडते.

आता तारा. जॉयस्टिक आणि थ्रॉटल दोन्ही यूएसबीवर चालतात आणि विंडोज त्यांना वेगळे ड्रायव्हर न टाकताही ओळखते. अडचण वेगळीच असते. एकाच बिनवीजपुरवठ्याच्या हबवर काठी, थ्रॉटल, पेडल, कीबोर्ड, माउस आणि हेडफोन लावले की वीज पुरत नाही. यूएसबी 2.0चा एक पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतो आणि दिव्यांची आरास असलेले थ्रॉटल त्यातला बराच भाग खाते. मग उड्डाणाच्या मधेच काठीचा संपर्क तुटतो आणि परत जुळतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा, किंवा काठी आणि थ्रॉटल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावावेत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी साधन बंद करण्याची परवानगी दिलेली असते. ती काढून टाकावी. वीज खाली-वर होणाऱ्या भागात संगणकाला यूपीएस असावाच. आणि कोणते साधन कोणत्या पोर्टला लावले ते चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. पोर्ट बदलला की काही खेळ त्याच काठीला नवी काठी समजतात आणि तिच्या सगळ्या नेमणुका विसरतात.

जोडणी झाल्यावर खेळ लगेच सुरू करू नये. विंडोजच्या शोधपट्टीत ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप केली की गेम कंट्रोलर्सची छोटी खिडकी उघडते. तिथे काठी निवडून प्रॉपर्टीज पाहावे. चौकोनात एक फुली दिसते. काठी सोडून दिल्यावर फुली मधोमध असली पाहिजे आणि स्थिर राहिली पाहिजे. चारही कोपऱ्यांत काठी नेल्यावर ती चौकोनाच्या कडेपर्यंत पोहोचली पाहिजे. पोहोचत नसेल किंवा मध्य सरकलेला असेल तर कॅलिब्रेशन करावे, म्हणजे काठीचा मध्य आणि दोन्ही टोके संगणकाला नव्याने शिकवावीत. इथे एक काळजी: कंपनीचे स्वतःचे कॅलिब्रेशनचे साधन असेल तर फक्त तेच वापरावे. ते मोजमाप काठीच्या आतल्या चिपमध्ये साठवते. त्यावर पुन्हा विंडोजचे कॅलिब्रेशन चढवले की दोन मोजमापे एकमेकांवर बसतात आणि मध्य कधीच सापडत नाही. मुठीवरचे प्रत्येक बटणही इथेच दाबून पाहावे. मुकी बटणे परत करण्याच्या मुदतीत सापडलेली बरी.

यानंतर खेळातल्या नेमणुका. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर 1982 पासून चालत आलेला आहे आणि त्याच्या 2020 व 2024 च्या आवृत्त्या सध्या सर्वाधिक परिचित आहेत. एक्स-प्लेन हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी, डीसीएस वर्ल्ड लढाऊ विमानांसाठी, आणि फ्लाइटगिअर पूर्णपणे मोफत. पैसे गुंतवण्याआधी फ्लाइटगिअरवर काठी तपासून पाहणे शहाणपणाचे. कोणताही खेळ असो, नवशिक्यांना सतावणारी चूक तीच: दुहेरी नेमणूक. डीसीएस प्रत्येक जोडलेल्या साधनाला आपणहून नाक, पंख, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी झडप) आणि ताकद हे चारही अक्ष वाटून टाकतो. त्याला काठी कोणती आणि थ्रॉटल कोणते हे कळत नाही. परिणामी थ्रॉटलवरची एखादी छोटी चकती आणि काठी दोन्ही विमानाचे नाक हलवू पाहतात. चकती मध्यावर नसली की विमान सुटल्या क्षणापासून नाक खाली घालते आणि काठीला काही केल्या आवरत नाही. उपाय सोपा आहे. अक्षांच्या यादीत जाऊन सगळ्या आपोआप झालेल्या नेमणुका पुसाव्यात आणि मग एकेक हाताने द्यावी: नाक, पंख, रडर, ताकद, ब्रेक. एक दिली की विमानात जाऊन बाहेरच्या कॅमेऱ्यातून तो भाग खरोखर हलतो का आणि योग्य दिशेला हलतो का ते पाहावे. काठी मागे ओढली की शेपटीचा एलिव्हेटर वर उठला पाहिजे. काठी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचा एलेरॉन वर आणि डाव्यावरचा खाली गेला पाहिजे. उलटे असेल तर अक्ष उलटवण्याची खूण करावी.

थ्रॉटलच्या बाबतीत दिशा हमखास उलटी निघते, पण त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे पल्ल्याचा प्रकार. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ताकदीच्या दोन वेगळ्या नेमणुका आहेत. एक शून्य ते शंभर टक्क्यांची, दुसरी उणे शंभर ते अधिक शंभर अशी. चुकीची निवडली तर दांड्याचा अर्धा प्रवास वाया जातो. लढाऊ विमानांच्या थ्रॉटलना खाचा असतात: एक इंजिन बंद करण्याची, एक आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारी सोय, पेटवण्याची. दांड्याची खाच आणि खेळातली खाच एकाच ठिकाणी येत नाही. दांडा खाचेला टेकवावा, खेळात दिसणारा टक्क्यांचा आकडा टिपून घ्यावा आणि अक्षाच्या वक्रात तो बिंदू आफ्टरबर्नर पेटतो त्या टक्क्याशी जुळवावा. एकदा केले की हाताला लागणारी खाच आणि कानाला येणारा आवाज एकाच क्षणी येतात.

डेड झोन म्हणजे मध्याभोवतीचा असा भाग जिथे काठी हलली तरी विमान दुर्लक्ष करते. हॉल सेन्सरच्या चांगल्या बैठकीला तो शून्य ते दोन टक्के पुरे. झिजलेल्या पोटेन्शिओमीटरला पाच टक्के लागू शकतो. त्याहून जास्त लागत असेल तर साधन दुरुस्तीला आले आहे असे समजावे. मोठा डेड झोन दोष झाकतो, पण धावपट्टीवर उतरताना लागणाऱ्या सगळ्या बारीक हालचाली नेमक्या त्याच भागात असतात, आणि त्याच हरवतात.

वक्र, म्हणजे सेन्सिटिव्हिटी कर्व्ह, याचा उपयोग जास्त आणि गैरवापरही जास्त. छोट्या काठीचा प्रवास कमी असल्याने हाताची जरा हालचाल विमानाला मोठी वाटते. वक्राने मधला भाग मऊ करता येतो. त्याचे एक साधे सूत्र असे: काठीच्या स्थितीचा 80 टक्के हिस्सा सरळ घ्यायचा आणि उरलेला 20 टक्के तिच्या घनातून. काठी अर्ध्यावर, म्हणजे 0.5 वर असेल तर 0.5 चे 80 टक्के 0.4, आणि 0.5 चा घन 0.125, त्याचे 20 टक्के 0.025, बेरीज 0.425. म्हणजे अर्धी काठी ओढली तरी विमानाला साडेबेचाळीस टक्केच ओढ मिळते. पण काठी टोकाला गेली की पूर्ण शंभर टक्के मिळायलाच हवेत, त्यामुळे मध्याजवळ वाचवलेले टोकाजवळ भरून निघते. या सूत्रात मध्याशी काठी 20 टक्के मऊ होते आणि टोकाशी 40 टक्के तिखट. वक्र जितका जास्त, तितकी ही विषमता जास्त. कडक वळण घेताना विमान अचानक अंगावर येते ते यामुळे. लांब नळी लावलेल्या काठीला वक्र नकोच. टेबलावरच्या छोट्या काठीला 10 ते 20 टक्के ठीक. 30 च्या पुढे जाण्याची गरज वाटली तर आधी स्प्रिंग, मग बैठकीचा घट्टपणा, मग खुर्चीची उंची तपासावी. थ्रॉटलला वक्र लावू नये, आफ्टरबर्नरच्या खाचेसाठीचा अपवाद सोडून.

बटणांच्या नेमणुकीत घाई करू नये. डोळे पडद्यावरून न हटवता जे करावे लागते तेवढेच मुठीवर द्यावे. पहिला मान ट्रिमला. ट्रिम म्हणजे विमान सरळ राहावे म्हणून काठीवर धरून ठेवावा लागणारा दाब काढून घेण्याची सोय. ती अंगठ्याखालच्या चार दिशांच्या बटणावर असावी. खऱ्या विमानातही ती तिथेच असते. चाके आणि फ्लॅप थ्रॉटलच्या बैठकीवर, ब्रेक मुठीच्या खालच्या पट्टीवर किंवा पेडलवर. एका मुठीवर वीस-पंचवीस क्रिया दिल्या तर त्या लक्षात राहत नाहीत, आणि ऐन वेळी चाकांऐवजी इंजिन बंद होते.

जुळणी तपासायला उड्डाणासारखी कसोटी नाही आणि यवतच्या माणसासाठी ती घराच्या दिशेनेच घेता येते. लोहगावच्या धावपट्टीची दिशा 10/28 आहे, म्हणजे तिचे एक टोक सुमारे 100 अंशांना, जवळजवळ पूर्वेला बघते. यवत तिथून सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटर, 110 अंशांच्या आसपास. धावपट्टी 10 वरून उड्डाण केले की दहाएक अंशांचे उजवे वळण, आणि यवत नाकासमोर. सेस्ना 172 हे शिकण्याचे विमान घ्यावे, हवामान स्वच्छ ठेवावे. पूर्ण ताकद दिल्यावर विमान डावीकडे ओढते. पंख्याच्या फिरण्याचा हा परिणाम आहे आणि उजवा रडर देऊन तो आवरावा लागतो. रडरची दिशा चुकली असेल तर ती इथेच, जमिनीवर, लगेच कळते. 55 नॉटला काठी हळूच मागे. नाक एकदम उसळले तर वक्र कमी पडतो किंवा स्प्रिंग हलकी आहे. काठी बरीच ओढूनही विमान उठत नसेल तर काठीचा पल्ला टोकापर्यंत पोहोचत नाही.

लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर आहे. 4,500 फुटांवर विमान सरळ करावे, ताकद कमी करावी, ट्रिम लावून काठी सोडून द्यावी. चांगल्या जुळणीत विमान काही वेळ तरी उंची धरून जाते. सतत एकाच बाजूला कलत असेल तर काठीचा मध्य चुकला आहे. पुढे मुळा-मुठेचे वळणदार पात्र येते. उजव्या हाताला उरुळी कांचन राहते, सोलापूर रस्ता आणि दौंडचा लोहमार्ग जवळ येऊ लागतात आणि दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग दिसते. 110 नॉट वेगाने 12 मिनिटांत यवत खाली असते. तिथे पूर्ण ताकदीने आणि शून्य ताकदीने थ्रॉटलची दोन्ही टोके तपासावीत, डावी-उजवी अशी दोन पूर्ण वर्तुळे 30 अंशांच्या कलात घ्यावीत आणि उंची किती घसरते ते पाहावे. घसरण शंभर फुटांच्या आत राहिली तर काठी आणि हात दोन्ही जुळले. मग परत 290 अंशांच्या सुमारास नाक करून धावपट्टी 28 वर उतरावे. ही एक फेरी कोणत्याही मेनूपेक्षा जास्त सांगते. दोष दिसला तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीच फेरी पुन्हा मारावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

देखभाल फारशी नाही. वापर नसताना कापड टाकून ठेवावे, विशेषतः गुऱ्हाळाच्या हंगामात. गिंबलला तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते. वर्षातून एकदा जुने वंगण कापसाने पुसून प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस अगदी थोडे लावावे. स्क्रू दर दोन-तीन महिन्यांनी तपासावेत, मुठीच्या मुळाची चकतीही. काठी डुगडुगते ती बहुधा तिथूनच.

सगळे जुळले की नेमणुकांची प्रत काढून ठेवावी. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आपल्या नावाने वेगळे प्रोफाइल करता येते. डीसीएसमध्ये सेव्ह्ड गेम्सच्या फोल्डरातील ‘इनपुट’ हा उपफोल्डर पेनड्राइव्हवर घेतला की पुरते. कॅलिब्रेशनचे आकडे, स्प्रिंगचा प्रकार, वक्राचे टक्के आणि कोणत्या बटणावर काय हे वहीच्या एका पानावर लिहून टेबलाजवळ ठेवावे. खेळाच्या नव्या आवृत्त्या नेमणुका अधूनमधून पुसून टाकतात, आणि तेव्हा हे पान हाताशी असलेल्याला पुन्हा उडायला दहा मिनिटे लागतात.